सारण भरलेली टर्की: थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्याची तयारी

सगळ्यात आधी कालनिर्णय काढून बघा. थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, तिथल्या १९४१ च्या कायद्यानं तो तसा बांधूनच टाकला आहे. आणि आपल्या मार्गशीर्षातले गुरुवार काही वर्षी नेमके त्याच आठवड्यात येतात. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरचा गुरुवार मार्गशीर्षातलाच होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पुढचे सगळे महिने सरकलेत, म्हणून २६ नोव्हेंबरला अजून कार्तिकच आहे. घरात कुणी महालक्ष्मीचं व्रत करत असेल, घट मांडला जाणार असेल, तर टर्की शुक्रवारी किंवा शनिवारी ठेवा. बहुतेकांना रविवारपर्यंत सुट्टी असते, लांबून आलेली मंडळी तोवर घरातच असतात, कुणाचं काही अडत नाही. फक्त पुढे दिलेले वार त्या हिशेबानं ढकला. मी इथे गुरुवार आणि जेवण दुपारी चारला असं धरून लिहिते आहे.

मग माणसं मोजा, आणि त्यातली टर्की खाणारी वेगळी मोजा. हाडांसकट माणशी एक पौंड पुरतो. दुसऱ्या दिवशी थोडी उरावी अशी इच्छा असेल तर दीड पौंड धरा. दहाजणांसाठी चौदा पौंडांची, म्हणजे साधारण सव्वासहा किलोची टर्की छान होते. पंचवीसजण येणार म्हणून बावीस पौंडांची आणायचा मोह होईल, पण सारण भरायचं असेल तर एवढी मोठी आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्या पोटाच्या मध्यापर्यंत आच पोचेस्तोवर छातीचं मांस कोरडं पडतं. त्यापेक्षा दोन मध्यम आणा आणि एक शेजाऱ्यांच्या ओव्हनमध्ये भाजा. विकत घेताना वेष्टणावरचं बारीक अक्षर वाचा. मिठाचं पाणी टोचलेलं असेल तर तसं लिहिलेलं असतं, त्या टर्कीला वरून मीठ मुरवायचं नाही.

ओव्हनमधली भांडी बाहेर काढा. आपल्याकडे ओव्हन म्हणजे कढया, तवे आणि झाकण्यांचं कपाट असतं, आणि ते गुरुवारी सकाळी रिकामं करत बसायला वेळ नसतो. आदल्या शनिवार-रविवारीच रिकामं करा, तळाला सांडलेलं पुसून घ्या, नाहीतर चार तास तेच जळत राहतं आणि स्मोक अलार्म वाजतो. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत लावून त्यावर रिकामा रोस्टिंग पॅन ठेवून बघा. वर टर्कीसाठी जागा राहते का, दार नीट लागतं का, हे आत्ताच कळलेलं बरं. अॅल्युमिनियमचा वापरून टाकायचा पॅन आणणार असाल तर त्याखाली जाड बेकिंग ट्रे हवाच. चौदा पौंड आणि गरम चरबी उचलताना तो पातळ पत्रा मध्येच वाकतो.

फ्रिजचंही तेच. सगळ्यात खालचा कप्पा टर्कीचा. दह्याचं पातेलं, इडलीचं पीठ, दिवाळीनंतर उरलेलं जे काही असेल ते वर हलवा किंवा संपवा. कच्च्या टर्कीचं पाणी ठिबकलं तर खाली दुसरं काही नको.

सामानात एक वस्तू अशी आहे की ती नसेल तर सारण पोटात भरूच नये: थर्मामीटर. सुईसारखा टोचायचा, लगेच आकडा दाखवणारा. टर्कीला कधी कधी लावून मिळतो तो उडी मारणारा प्लास्टिकचा खटका पुरेसा नाही. त्याला छातीपलीकडचं काही कळत नाही, आणि सारण तर मुळीच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम साधा आहे. मांस आणि सारण दोन्ही १६५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ७४ सेल्सिअसला पोचलं पाहिजे. भाजताना कच्च्या मांसाचा रस सारणाच्या पावात झिरपतो, त्यामुळे मांस शिजलं आणि सारण कोमटच राहिलं तर त्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू जिवंत राहू शकतो. थर्मामीटर जुना असेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, ३२ फॅरनहाइट दाखवायला हवं. बाकी यादी लहान आहे: सुती जाड दोरा, रुंद फॉइल, कागदी टॉवेलचा मोठा रोल, कडेला पन्हाळ असलेला कापायचा पाट, आणि धार लावलेली सुरी.

गोठलेली टर्की शनिवारी संध्याकाळी फ्रीझरमधून फ्रिजमध्ये आणा, वेष्टणासकट, खोल ट्रेमध्ये, छाती वर करून. चार-पाच पौंडांना एक दिवस हा हिशेब, म्हणजे चौदा पौंडांना तीन दिवस धरा. ओट्यावर ठेवून वितळवू नका. वरचं मांस तासन्‌तास उबदार राहतं आणि आत दगड तसाच असतो. मंगळवारी हात घातल्यावर पोटात बर्फ लागला तर घाबरायचं कारण नाही, फ्रिजमध्ये अजून दोन रात्री आहेत. गुरुवारी सकाळीही बर्फ असेल तरच पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदला, पौंडाला अर्धा तास लागतो. उरलेला बर्फ त्याहून लवकर सुटतो. फक्त अशी पाण्यात सोडवलेली टर्की पुन्हा दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची नसते, तिला लगेच भाजावं लागतं. म्हणून ती वेळ यायलाच नको, शनिवार चुकवू नका.

सोमवारी पाव. चांगला घट्ट, जाड कवचाचा पाव घ्या, सँडविचचा मऊ पाव ओला झाला की त्याचा लगदा होतो. इंचभर चौकोनी तुकडे करा, ट्रेमध्ये पसरा आणि रात्रभर उघडे राहू द्या. सकाळी मध्ये ओलसर वाटले तर २५० अंश फॅरनहाइटवर पाऊण तास ठेवून कडक करा. चौदा पौंडांच्या पोटात आठ-नऊ कप सारण मावतं, पण तुकडे बारा-चौदा कप करा, कारण उरलेलं वेगळ्या भांड्यात भाजायचं आहे आणि त्याचाच आधी फडशा पडतो.

आता हर्ब्स. नोव्हेंबरमध्ये दुकानात सेज, थाइम आणि रोझमेरी एकाच छोट्या डबीत मिळतात, त्या दोन डब्या आणि पार्सलीची एक जुडी. बुधवारीच आणा, फार आधी आणलेलं सेज काळं पडतं. सेजची पानं करडी-हिरवी, बोटाला लव लागते अशी. कच्चं चावून बघितलंत तर कापरासारखं उग्र लागेल आणि वाटेल की हे एवढं कशाला घालायचं. पण लोणी वितळून फेस बसला की त्यात ती पानं टाका. अर्ध्या मिनिटात कडा वळतात, रंग गडद होतो, आणि उग्रपणा जाऊन एक खमंग, मातकट वास सुटतो. या सणाचा वास तो हाच. थाइमची ओळख आपल्याला जुनी आहे, ओव्यात जो थायमॉल असतो तोच याच्यातही आहे. काडी वरून धरून उलटी ओढली की पानं सरसर गळतात. रोझमेरी मात्र हात राखून, अगदी बारीक चिरून, एक चमचाच. जास्त झाली तर बाकीच्या दोघींना बोलू देत नाही.

इथे एक आग्रहाची विनंती. या सारणात आलं-लसणाचं वाटण, गरम मसाला, धणेपूड घालू नका. आपला मसाला कमी दर्जाचा म्हणून नव्हे, तो जोरदार आहे म्हणून. सेज त्याच्यापुढे टिकत नाही, आणि मग वर्षभर जी चव पुन्हा मिळणार नाही तीच हातची जाते. तिखटाची हौस क्रॅनबेरीच्या आंबटगोड चटणीवर भागवा. बारा औंसांची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी. दाणे तडतडून फुटले की दहा मिनिटांत दाट होतं, गार झाल्यावर आपोआप जमतं. त्यातलं अर्धं तसंच ठेवा, अर्ध्यावर मोहरी-हिंग-लाल मिरचीची फोडणी द्या. हे मंगळवारीच करून ठेवता येतं आणि गुरुवारपर्यंत मुरून जास्त चांगलं लागतं.

मंगळवारी रात्री टर्की उघडा. पोटात मान असते आणि कागदात गुंडाळलेली पुडी: काळीज, पेटा, यकृत. कधी कधी पुडी मानेकडच्या कातडीखाली दडवलेली असते, दोन्हीकडे हात घालून शोधा. मान, काळीज आणि पेटा स्टॉकसाठी, म्हणजे उकळून काढायच्या रसासाठी ठेवा, यकृतानं स्टॉक कडवट होतो, ते वेगळं तळा. टर्की धुवायची नाही. मला माहीत आहे की कोंबडी घरात आली की आपला हात आधी नळाकडे जातो. पण एवढ्या मोठ्या पक्ष्यावर नळ सोडला की शिंतोडे सिंकभर, ओटाभर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि जंतू धुऊन जात नाहीत, पसरतात. त्यांचा बंदोबस्त आच करते. कागदी टॉवेलनं आतून-बाहेरून खडखडीत कोरडी करा. तीन टेबलस्पून कोशर मीठ, किंवा साधं बारीक मीठ त्याच्या निम्मं, थोडी मिरपूड, सगळीकडे चोळा, पोटातही. मग ट्रेमध्ये उघडीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. मीठ आत मुरतं आणि कातडी सुकते. कुरकुरीत कातडीचं गुपित एवढंच आहे, ओव्हनमध्ये ऐनवेळी काही करून ती मिळत नाही.

बुधवार हा खरा कामाचा दिवस. मान आणि पेटा, एक कांदा, गाजर, सेलरीची टोकं घालून दोन तास मंद आचेवर स्टॉक करा. दोन मोठे कांदे आणि सेलरीचे चार दांडे बारीक चिरून दीडशे ग्रॅम लोण्यात मऊ होईपर्यंत परता, त्यात चिरलेलं सेज तीन टेबलस्पून, थाइम एक टेबलस्पून, आणि ती चमचाभर रोझमेरी. गार करून झाकून ठेवा. वेगळं शंभर-सव्वाशे ग्रॅम लोणी बाहेर काढून मऊ करा, त्यात चिरलेली पार्सली, थाइम, सेज आणि लिंबाची किसलेली साल कालवा. मीठ नको, ते टर्कीत गेलेलं आहे. पावात अजून काहीही घालायचं नाही, आणि भरलेली टर्की रात्रभर फ्रिजमध्ये तर कधीच ठेवायची नाही.

शाकाहारी मंडळींचं बुधवारीच ठरवून टाका, म्हणजे गुरुवारी त्यांच्या वाट्याला फक्त उकडलेले बटाटे येणार नाहीत. सासूबाई आलेल्या असतील, एखाद्या काकांचा उपास असेल, तर उपासाचं वेगळं बघा. बाकीच्यांसाठी पावाचे चार कप तुकडे आणि परतलेल्या कांद्यातला एक डाव आधीच बाजूला काढा. त्यात भाज्यांचा स्टॉक, मूठभर अक्रोड, भाजलेले मशरूम, अंडं नाही. त्याचं भांडं वेगळं, पळी वेगळी, आणि ते टर्कीच्या आधी भाजून घ्यायचं. ओव्हनमध्ये एकत्र ठेवायची वेळ आली तर त्यांचं भांडं वरच्या जाळीवर.

गुरुवारी घड्याळ उलटं वाचा. चारला पानं मांडायची, साडेतीनला कापायला सुरुवात, तीनला टर्की बाहेर. ३२५ अंश फॅरनहाइटवर चौदा पौंडांच्या भरलेल्या टर्कीला चार तास लागतात, वर अर्धा तास हाताशी ठेवा. म्हणजे साडेदहाला आत. शाकाहारी भांडं नऊला, म्हणजे दहाच्या सुमारास ते बाहेर येतं आणि ओव्हन तापलेलाच असतो.

साडेनऊला छातीवरच्या कातडीखाली बोटं घाला. मानेकडून हळूहळू, नखं लागू न देता, पडदा सुटत जातो. हर्ब्सचं लोणी तिथे सरकवा आणि वरून हात फिरवून पसरवा. उरलेलं मांड्यांवर. मग कांदा-सेलरी गरम करा, पावात घाला, दोन फेटलेली अंडी आणि दीड कप गरम स्टॉक. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. सारण ऊनच असताना, सैल हातानं भरा. लाडवासारखं दाबून भरलं तर ते फुगतं, मधोमध आच पोचत नाही. पाय दोऱ्यानं बांधा, पंखांची टोकं पाठीखाली मुडपा, आणि लगेच आत. मग सिंक, ओटा, नळाची मूठ साबणानं धुऊन घ्या.

दर वीस मिनिटांनी दार उघडून रस ओतू नका, ओव्हन गार होतो आणि कातडी ओली होते. दोन-अडीच तासांनी छाती सोनेरी झाली की तिथे फॉइल पांघरा. सव्वादोनपासून थर्मामीटर लावा: छातीचा जाड भाग, मांडीचा आतला सांधा हाडाला न टेकता, आणि सारणाचा बरोबर मध्य. तिन्हीकडे १६५. मांस झालं आणि सारण १५० वरच अडकलं तर ते भांड्यात काढून ओव्हन वाढवून १६५ पर्यंत भाजा, टर्की तोवर विसावू दे. हा अर्धा तास विसावा टाळू नका, लगेच कापलीत तर रस पाटावर वाहून जातो. तेवढ्यात ग्रेव्ही होते. पॅनमधली चार टेबलस्पून चरबी, तेवढाच मैदा खमंग परतून, तीन कप स्टॉक. पॅनमधला रस आधी चाखा, मुरवलेल्या टर्कीचा तो खारट असतो, म्हणून मीठ शेवटी.

जेवणं लांबतात, गप्पा रंगतात, पण टर्की बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत उरलेलं मांस हाडावरून सोडवून आणि सारण पूर्ण काढून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. म्हणून रिकामे डबे आणि झाकणं सकाळीच ओट्यावर काढून ठेवा. हे तीन-चार दिवसांत संपवायचं. आता आलं, लसूण, सुकं खोबरं, कांदा-लसूण मसाला सगळं बाहेर काढा, मांडीच्या मांसाचा तांबडा रस्सा फार सुरेख होतो. हाडांचा सापळा मोठ्या पातेल्यात मावत नसेल तर मधून मोडा, पाण्यात बुडवून तीन तास उकळा, गाळा आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा.