विज्ञान प्रदर्शनासाठी देवमासा आणि बार्नॅकलचं मॉडेल

मी पुण्यात आठवीला विज्ञान शिकवते. 'सहजीवन' विषय मिळाला की मुलांना मी हीच जोडी सुचवते: देवमासा आणि त्याच्या कातडीला चिकटून राहणारा बार्नॅकल हा छोटा कवचधारी जीव.

माती शाडूची घ्या. घरच्या गणपतीची विसर्जनानंतर ठेवली असेल तर उत्तमच. आत रद्दीचा घट्ट बोळा ठेवा, नाहीतर जाड माती वाळताना तडकते. हंपबॅक देवमासा साधारण 15 मीटर. तुमचा 50 सेंटिमीटरचा केलात तर तो 30 पट लहान झाला. त्याच्यावरचा कोरोन्युला जातीचा बार्नॅकल पाच-सहा सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे मॉडेलवर फक्त मोहरीएवढा! मुलं हौसेनं वाटाण्याएवढे गोळे लावतात, तसं करू देऊ नका. सगळ्या अंगभर सारखेही पेरू नका. हनुवटी, घशावरच्या खाचा, पुढच्या परांच्या आणि शेपटीच्या कडा, इथे दाटी करा.

खरी गंमत दाखवायला एक बार्नॅकल मुठीएवढा वेगळा करा. यावर वेळ घालवा. सहा पाकळ्यांचं, मुकुटासारखं कवच आदल्या दिवशी करून ठेवा. भिंतींना खालून खोल, पोकळ घड्या हव्यात. दुसऱ्या दिवशी काळा पोस्टर कलर मळलेल्या ओल्या मातीची जाड पोळी थापा, ही देवमाशाची कातडी. अर्धवट वाळलेलं कवच तिच्यावर हळूहळू दाबा. काळी माती घड्यांमध्ये वर चढते. मग धारदार सुरीनं मधोमध कापा. खऱ्या देवमाशाची कातडीही अशीच कवचात वाढत जाते, म्हणून एवढ्या पोहण्या-उड्या मारण्यातही बार्नॅकल सुटत नाही. वरच्या तोंडातून जुन्या ब्रशचे केस बाहेर काढा. ते त्याचे पाय. त्यांनी तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. तो खेकडा-कोळंबीचा नातलग आहे, शिंपल्याचा नाही, हे तक्त्यावर लिहाच.

कोकणात ओहोटीला खडकांवर पायाला टोचतात तेही बार्नॅकलच. त्यांचा फोटो शेजारी लावा. कोरोन्युला मात्र खडकावर राहत नाही, त्याला देवमासाच लागतो.

तक्त्यावर 'दोघांचा फायदा' लिहू नका. बार्नॅकलला बसायला जागा आणि वाहत्या पाण्यातून आयतं अन्न मिळतं; देवमाशाला थोडं ओझं होतं, पण सहसा मोठी इजा नाही. बार्नॅकल त्याचं रक्त पीत नाही. परीक्षक 'मग हा परजीवी का नाही?' असं विचारतातच. तेव्हा मुलांनी कापलेला भाग हातात घेऊन दाखवावं: कातडी धरलीय, खाल्लेली नाही.