वाचून बरं वाटेल असं पुस्तक सुचवताना या चुका टाळा

परीक्षा संपल्या की वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी एक मागणी हमखास येते, “काहीतरी छान द्या हो, वाचून बरं वाटेल असं.” आजी नातवासाठी मागते, आई दहावीतल्या मुलीसाठी मागते. कधी एखादे काका स्वतःसाठीच मागतात, पण नाव घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी सांगतात. बडोद्यात मराठी वाचणाऱ्यांना पुस्तकं सुचवताना एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. ज्याला वाचायची सवय नाही, तो मोठ्या संकोचाने एकदाच हात पुढे करतो. त्या वेळी हातात भलतंच पुस्तक पडलं, तर तो पुन्हा लवकर मागायला येत नाही.

खालच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. आपण आपल्या लाडक्या पुस्तकाचा विचार करतो, समोरच्या माणसाचा करत नाही.

थोर पुस्तक म्हणून ते लहानग्याच्या हातात देणं

‘श्यामची आई’ हे याचं ठळक उदाहरण. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक प्रत्येक मराठी घरात असावंच, यात दुमत नाही. पण दुसरी-तिसरीतल्या मुलाला ‘छान गोष्टी आहेत’ असं सांगून ते एकट्याने वाचायला देऊ नका. त्यात कर्जाने खचत गेलेलं घर आहे, अपमान आहेत आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. आईशिवाय एक रात्रही न राहिलेलं मूल ते वाचून हबकतं. मग रात्री दिवा मालवू देत नाही, आणि घरच्यांना कळत नाही की झालं काय.

उपाय पुस्तकातच आहे. त्याचे भाग ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे पाडलेले आहेत, कारण श्याम त्या आठवणी आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री सांगतो. तसंच करा. मूल थोडं मोठं झालं की एका रात्री एकच भाग, घरातल्या मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचायचा. मध्येच मूल बोलेल, तेव्हा थांबायचं.

दुःखाचा वाराही नको म्हणणं

ही उलट बाजूची चूक आणि तितकीच मोठी. “रडारड नको, सगळं गोड असलेलं द्या,” असं म्हणत गेलं की हातात उरतात त्या पुचाट बोधकथा. ‘तोत्तोचान’ घ्या. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे आत्मकथन चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलं आहे. त्यात एका मुलीला पहिलीतच शाळेतून काढून टाकतात, तिचा पोलिओ झालेला मित्र वारतो, शेवटी बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. एवढं सगळं असूनही ते वाचलेलं मूल खुलतं. नव्या शाळेच्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक तिचं बोलणं तब्बल चार तास ऐकून घेतात. त्याच मित्राला ती खटपट करून झाडावर चढवते, तो प्रसंग वाचताना मुलं श्वास रोखून बसतात. पुस्तकात दुःख किती आहे, हे मोजत बसू नका. शेवटचं पान मिटल्यावर मूल एकटं पडतं की त्याला कुणीतरी सोबत मिळते, हे बघा.

वयाचा आकडा विचारून पुस्तक काढणं

आपल्याकडे सर्वांत जास्त मुलं इथे गळतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

बडोद्यातली आपली मुलं घरी मराठी बोलतात, शाळा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाची असते, आणि देवनागरी येते ती मुख्यतः हिंदीच्या तासामुळे. अशा बारा वर्षांच्या मुलाला मराठी गोष्ट ऐकून सगळी कळते, अगदी आजीच्या म्हणीसकट. तीच गोष्ट वाचायला दिली की तो दुसरीतल्या मुलासारखा अडखळतो. कुठे अडतो ते त्याच्या शेजारी बसून ऐकलंत की लगेच समजतं. ‘जाळं’ हा शब्द तो हिंदीतल्या ‘ज’ने वाचतो आणि रोज तोंडात असलेला शब्द त्याला परका वाटतो. ‘चमचा’, ‘झाड’ यांचंही तेच. ‘केलं’, ‘गेलं’ यांवरच्या अनुस्वाराला तो ‘केलम्’ म्हणतो किंवा नाकात वाचतो. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. यात मुलाची बुद्धी कमी नाही आणि आईबापांचं मराठीपणही कमी नाही. कानाला येणारी भाषा आणि डोळ्याला येणारी भाषा यांत चार-पाच वर्षांचं अंतर पडलेलं असतं, इतकंच. बारा वर्षांचा आहे म्हणून बारा वर्षांच्या मुलांची जाड कादंबरी दिली, तर ती तशीच परत येणार.

आधी पाच बोटांची युक्ती करा. पुस्तक मधूनच उघडून एक पान त्याला वाचायला सांगा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक एकट्याने वाचायचं नाही, दोघांनी मिळून वाचायचं. पहिली तीन-चार पानं तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आल्यावर भाकरी टाकायचं निमित्त करून उठा. पुढे काय झालं ते कळायला हवं असेल, तर मूल स्वतः अक्षरं लावतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या गोष्टी यासाठी फार उपयोगी पडतात, कारण त्यात थांबायची जागा शोधावी लागत नाही.

मोठ्या मुलाला चित्रांचं पुस्तक दिलं तर त्याला ओशाळं वाटतं. तेव्हा “धाकट्या बहिणीला वाचून दाखव” असं सांगून द्या. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ असं घरी गेलं की धाकटी ऐकते, थोरल्याचा सराव होतो आणि दोघांचाही मान राहतो. विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्याने म्हणायच्याच आहेत, त्यांत यमक पुढचा शब्द आपोआप सुचवतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात आणि ती वयाऐवजी वाचनपातळीनुसार लावलेली आहेत, हेही सांगून ठेवा.

आणि मूल गुजराती सरळ वाचत असेल, तर खुशाल गुजरातीच्या कपाटाकडे न्या. काही आजी-आजोबांना हे रुचत नाही, त्यांची तळमळ मला समजते. पण वाचनाची गोडी एका लिपीत लागली की ती दुसरीत नेता येते. गोडीच लागली नाही, तर नेणार काय?

कुमारवयातल्यांना ‘प्रेरणा’ पाजणं

“ह्याला जरा प्रेरणा मिळेल असं काहीतरी द्या,” असं आई मुलासमोरच म्हणते, तेव्हा तो कपाटाकडे बघत उभा राहतो. त्या क्षणी पुस्तकाचा उपदेश झालेला असतो. निकालाच्या दिवसांत तर हे फार चालतं. मार्क कमी पडले म्हणून थोरामोठ्यांची चरित्रं द्यायची. मूल त्यातून एवढंच वाचतं, की बघ, तो गरिबीत शिकला आणि तुला सगळं देऊनही जमलं नाही.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे या वयासाठी मला स्वतःला अतिशय प्रिय आहे. गुलामगिरीत जन्मलेला अशक्त पोरगा शेतीतला शास्त्रज्ञ होतो, ते वाचताना कुणाचाही ऊर भरून येतो. पण ते निकालाच्या आठवड्यात देऊ नका. झाडांची, मातीची, प्रयोगांची आवड असलेल्या मुलीला एरवी सहज द्या आणि ‘काय शिकलीस?’ हे चुकूनही विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘कुठलं पान आवडलं?’ असं विचारा.

मन उभारी धरायला या वयात रहस्यकथाही पुरते. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. ज्या मुलाला रोज आपण कशात कमी आहोत हेच ऐकावं लागतं, त्याला दोन तास एखादं कोडं सोडवण्यात गुंग होता आलं, तर तो पुस्तक ठेवून उठताना हलका झालेला असतो. मित्राने सुचवलेलं पुस्तक आपल्या दहा सूचनांना भारी पडतं. म्हणून मुलांनाच विचारून त्यांच्या आवडीची पुस्तकं एका फळीवर वेगळी लावता आली तर जरूर लावा.

काही मुलं मुद्दाम उदास पुस्तकंच मागतात. मागू द्या. सतरा-अठराव्या वर्षी ‘कोसला’ वाचून “आपल्यासारखाच आहे हा” असं वाटणं, हाही एक प्रकारचा दिलासा आहे. मात्र मूल जेवत नाही, झोपत नाही, मित्रांना टाळतं, जगण्यात राम नाही असं बोलतं, तेव्हा पुस्तक हा उपाय नाही. तेव्हा घरच्यांशी बोला आणि डॉक्टरांकडे पाठवा. टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते.

शोकात असलेल्या माणसाला लगेच विनोदी पुस्तक देणं

हेतू चांगला असतो, पण घरात माणूस गेल्यावर पंधरा दिवसांत हसण्याचं पुस्तक हातात आलं, की आपलं दुःख लोकांना अडचणीचं वाटतंय असं त्या माणसाला वाटतं. पहिल्यांदा त्यांनी पूर्वी काय आवडीने वाचलं होतं ते विचारा आणि तेच पुन्हा द्या. ओळखीच्या पुस्तकात पुढे काय होणार ते ठाऊक असतं. अशा दिवसांत त्याचाच आधार होतो.

विनोदाकडे वळायची वेळ आली की बडोद्याच्या माणसाला चिं. वि. जोशी द्या. चिमणराव आणि गुंड्याभाऊंचे हे जनक इथेच, बडोद्यात, पाली भाषेचे प्राध्यापक होते. साठीच्या पुढच्यांना दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आठवतात, त्यामुळे बोलणं सुरू व्हायला वेळ लागत नाही. कथा सुट्या आहेत, एका बैठकीत एक संपते. दवाखान्यात सोबतीला बसलेल्या माणसाला असंच पुस्तक हवं, कारण तिथे दर पाच मिनिटांनी उठावं लागतं.

‘व्यक्ती आणि वल्ली’ मात्र डोळे मिटून देऊ नका. लोकांच्या लक्षात त्यातलं हसू राहतं. प्रत्यक्षात कितीतरी व्यक्तिचित्रं शेवटी घशात आवंढा आणतात, आणि ‘नंदा प्रधान’ तर आहेच उदास. देताना कुठून सुरुवात करायची ते सांगून द्या.

मोठ्यांसाठी माझी पहिली शिफारस ‘स्मृतिचित्रे’. नवऱ्याने धर्म बदलला, वर्षानुवर्षं ताटातूट झाली, हाताशी पैसा नाही, आणि तरी लक्ष्मीबाई टिळक पानोपानी आपल्याला हसवतात. जिला सगळं ओझं एकटीने ओढावं लागतंय अशा बाईला हे पुस्तक मैत्रिणीसारखं भेटतं. पूर्ण ग्रंथ जाड वाटला, तर संक्षिप्त आवृत्ती द्या.

वयस्कर वाचकांच्या बाबतीत आधी अक्षराचा आकार आणि पुस्तकाचं वजन बघा. बारीक टाइपाचं उत्तम पुस्तक त्यांच्या काहीच कामाचं नाही.

एकच पुस्तक हातात ठेवणं

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना आणून बडोदे संस्थानात वाचनालयांची यंत्रणा उभी केली. तिच्यात फिरती वाचनालयंही होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात आणि लोक त्यातून आपल्याला हवं ते उचलत. निवड वाचणाऱ्याची, ही गोष्ट आपण टेबलापाशी विसरतो. तीन पुस्तकं काढा, एक हलकं, एक थोडं गंभीर, एक अगदी वेगळ्या विषयाचं, आणि पाच मिनिटं बाजूला व्हा. त्यातलं एखादं पसंत पडलं नाही, तरी माणूस रिकाम्या हाताने परतत नाही.

पुस्तक अर्धवट परत आलं तर

‘आवडलं नाही वाटतं’ म्हणून विषय संपवू नका. कुठल्या पानावर थांबलात, ते विचारा. पहिल्या दहा-पंधरा पानांत थांबले असतील, तर भाषा जड गेली किंवा नावं डोक्यात बसली नाहीत. पुढच्या वेळी सुट्या कथा द्या, किंवा सुरुवात वाचून दाखवा. मध्यावर थांबले असतील, तर बहुधा वेळ मिळाला नाही. पुन्हा नोंद करून तेच पुस्तक आणखी काही दिवस ठेवू द्या. शेवटाशी येऊन थांबले असतील, तर काहीतरी मनाला लागलं आहे. तिथे लगेच दुसरं पुस्तक पुढे सरकवू नका, जरा बोलू द्या.

आठवणीवर विसंबून सुचवणं

आपण शाळेत असताना जे वाचून पोट धरून हसलो, ते आज पुन्हा चाळल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका. जुन्या विनोदात बायकोच्या अज्ञानावर, कुणाच्या रंगावर, कुणाच्या जाडीवर केलेल्या कोट्या असतात. पुस्तक टाकून द्यावं असं नाही. पण सावळ्या, जाडजूड अशा दहा वर्षांच्या मुलीला ते ‘हसायला’ म्हणून दिलं, तर ती हसणार नाही.

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांना पुन्हा बांधणी केलेली असते. वर एकरंगी पुठ्ठा असतो, चित्र नाही की मलपृष्ठावरचा मजकूर नाही, त्यामुळे मुलं त्यांना हातच लावत नाहीत. आत एका कागदावर दोन ओळी लिहून ठेवा, गोष्ट कुणाची आहे आणि पहिला गोंधळ कुठल्या पानावर आहे, एवढंच. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नसलेली पुस्तकं या दोन ओळींनी घराबाहेर पडतात.