जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी पॉवर सप्लायचं लेबल वाचा

कार्डाची किंमत बघण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडा आणि पॉवर सप्लायवरचं (मशीनला वीज देणाऱ्या डब्यावरचं) लेबल वाचा. मोठ्या अक्षरांतल्या एकूण वॅटवर जाऊ नका, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. तिथे १४ असेल, तर १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांना मुख्यतः त्यातच भागवायचं असतं. ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशीनमध्ये घोडं नेमकं इथेच अडतं.

मदरबोर्डचा लांब पीसीआय-एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यामुळे तेवढ्यातच भागणारं, पॉवर सप्लायकडून जादा वायर न लागणारं कार्ड शोधा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० कार्डाची काही मॉडेल्स तशी येतात, पण सगळी नाहीत; फोटोत कार्डाच्या कडेला सहा पिनांचं सॉकेट दिसतंय का, ते नीट बघा. एएमडीचं आरएक्स ६४०० कार्ड वीज कमी खातं, पण ते चारच लेन (डेटा जाण्या-येण्याचे मार्ग) वापरतं, म्हणून पीसीआय-एक्सप्रेस ३ च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या स्लॉटच्या, बोर्डावर मागे पडतं. जुन्या मशीनसाठी मी ते सुचवणार नाही.

कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड आणि ते कॅबिनेटला कसायची आखूड पट्टी लागेल. कार्डासाठी आत किती लांबी मिळते, ती टेपने मोजाच.

जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी आधी दाबा; ओढाताणीत ती हमखास तुटते. आणि मॉनिटरची केबल नव्या कार्डातच लावा, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नको.