कुबरनेटीजच्या संकेतस्थळावर पहिली दुरुस्ती पाठवण्याआधी

सगळ्यात आधी ईमेलचा पत्ता तपासा. काय दुरुस्त करायचं, कुठे करायचं, हे नंतर. कुबरनेटीज म्हणजे कंटेनरमधले (वेगवेगळ्या डब्यांत बंद केलेले) प्रोग्राम अनेक मशीनवर चालवणारी मुक्त-स्रोत प्रणाली. तिच्या संकेतस्थळावर एक स्वल्पविराम बदलायचा असला तरी सीएलए, म्हणजे योगदानकर्त्याचा करार, सही केलेला असावा लागतो. ईझीसीएलए नावाची यंत्रणा तो करार तुमच्या कमिटमधल्या, म्हणजे गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या नोंदीतल्या, ईमेलशी ताडून बघते. माझी पहिली पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे 'माझा बदल स्वीकारा' ही विनंती) दोन शब्दांची होती आणि दहा दिवस अडकून पडली. लॅपटॉप ऑफिसचा, त्यावरच्या गिटमध्ये पत्ता ऑफिसचा, आणि करार मात्र मी माझ्या घरच्या पत्त्यावर केलेला. तेव्हा गिटच्या सेटिंगमध्ये कोणता पत्ता आहे ते पाहा, तोच गिटहबच्या (प्रकल्पाच्या फाईल जिथे असतात त्या साइटच्या) खात्याला जोडलेला आहे ना ते पाहा, आणि मगच पहिली कमिट करा. चुकलंच तर कमिटचा लेखक बदलून पुन्हा पुश करता येतं आणि पीआरवर 'स्लॅश ईझीसीएलए' अशी टिप्पणी टाकली की तपासणी नव्याने होते.

करारही दोन प्रकारचे असतात. एक वैयक्तिक, एक कंपनीतर्फे. पुण्या-मुंबईत आयटीत असणाऱ्या अनेकांच्या नेमणूकपत्रात, नोकरीच्या काळात लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क राहील, असं कलम असतं. तुमच्या पत्रात ते आहे का, हे एकदा शांतपणे वाचून घ्या. असेल तर कंपनीने करार केलेला लागतो आणि त्यांच्या सीएलए मॅनेजरने तुमचं नाव मंजूर यादीत घालावं लागतं. याला कधी दोन दिवस लागतात, कधी महिना. म्हणून हे काम यादीत पहिलं. 'रविवारी घरी बसून केलं, कोण विचारतंय' असं म्हणू नका. प्रश्न तुमच्या एकट्याचा नसतो. परवान्याबद्दल शंका असलेला मजकूर प्रकल्पात शिरला की ती शंका तो वापरणाऱ्या सगळ्यांच्या गळ्यात पडते.

आता जे पान दुरुस्त करायचं आहे ते हाताने लिहिलेलं आहे का, याची खात्री करा. इथे नवे लोक हमखास फसतात. संकेतस्थळाचा बराचसा मजकूर मार्कडाउन या साध्या खुणांच्या मांडणीत माणसांनी लिहिलेला आहे आणि ह्यूगो हे साधन त्याची पानं बनवतं. पण एपीआयचा (प्रोग्रामने कुबरनेटीजशी बोलायच्या पद्धतीचा) संदर्भविभाग, क्यूबसीटीएल या कमांड देण्याच्या साधनाची पानं, क्यूब-एपीआयसर्व्हर या मुख्य सर्व्हरच्या फ्लॅगची (पर्यायांची) लांबलचक यादी, हे सगळं गो भाषेतल्या मूळ कोडमधून आपोआप तयार होतं. अशा फाईलच्या डोक्यावर बहुधा तशी सूचनाही असते. तिथली चूक संकेतस्थळाच्या रेपोत (फाईलच्या साठ्यात) दुरुस्त केली तर पुढच्या रिलीजला पान पुन्हा तयार होईल आणि तुमची दुरुस्ती पुसली जाईल. ती चूक मूळ कुबरनेटीज रेपोतल्या कोडच्या वर्णनात किंवा टिप्पणीत शोधून तिथेच बदलावी लागते. त्यासाठी रिव्ह्यू करणारी माणसंही वेगळी.

मग आवृत्ती. कुबरनेटीजचे वर्षाला साधारण तीन रिलीज होतात आणि संकेतस्थळावर चालू आवृत्तीसोबत मागच्या चार आवृत्त्यांचे डॉक्स (माहितीची पानं) दिसतात. तुम्ही शोधयंत्रातून एखाद्या जुन्या आवृत्तीच्या पानावर उतरला असाल, तर चूक केव्हाच दुरुस्त झालेली असू शकते. जुन्या आवृत्त्यांचे डॉक्स गोठवलेले असतात, दुरुस्ती फक्त चालू डॉक्सवर होते. म्हणून आधी चालू पान उघडून पाहा. चालू डॉक्सची दुरुस्ती मेन ब्रांचवर (रेपोच्या मुख्य शाखेवर) पाठवायची आणि अजून न आलेल्या आवृत्तीतल्या फीचरबद्दलचा मजकूर त्या आवृत्तीच्या डेव्ह ब्रांचवर. यात गफलत झाली तर वाचणाऱ्याला आज नसलेली सोय आहे असं वाटेल.

मग लागतं एक खरंखुरं क्लस्टर, म्हणजे कुबरनेटीज चालवणारा मशीनचा संच. मिनिक्यूब किंवा काइंड, म्हणजे छोटं क्लस्टर चालवणारं साधन, लॅपटॉपवर बसवून ठेवा. कमांड किंवा यॅमल (सेटिंगची फाईल) बदलत असाल तर ती आधी स्वतः चालवून पाहा, आणि पानात नेमकं काय लिहिलंय तेच कॉपी करून चालवा. आपल्या आठवणीवर विसंबू नका. क्रॉनजॉबची (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामाची) बीटा एपीआय 1.25 मध्ये काढून टाकली, इन्ग्रेसच्या (बाहेरची रहदारी आत घेणाऱ्या सोयीच्या) बीटा एपीआय 1.22 मध्ये गेल्या, डॉकरशिम (डॉकरशी जोडणारा भाग) 1.24 मध्ये गेलं. तरी जुन्या सवयीने बोटं जुनंच टाइप करतात. हे पान कोणीतरी रात्री दोन वाजता उघडणार आहे. क्लस्टर खाली आलेलं, फोन वाजतोय, आणि समोरची कमांड न वाचता टर्मिनलमध्ये चिकटवायची. त्या माणसाला मी कधी भेटणार नाही, पण त्याच्यासाठी ही दहा मिनिटं मी प्रत्येक वेळी देते. तपासल्याचं पीआरच्या वर्णनात लिहा: कोणती आवृत्ती, कुठे चालवलं, काय आउटपुट आलं. रिव्ह्यू करणाऱ्याचं अर्धं काम तिथेच होतं.

शैलीची मार्गदर्शिका एकदा पूर्ण वाचून काढा, तासाभराचं काम आहे. वर्तमानकाळ, वाचकाला थेट 'तुम्ही', कर्तरी प्रयोग, इंग्रजी अमेरिकन वळणाचं. पॉड, कॉन्फिगमॅप अशा एपीआय ऑब्जेक्टची नावं ठरावीक कॅपिटल अक्षरांनी. कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह नको, म्हणजे कॉपी करताना ते सोबत येत नाही; कमांड आणि तिचं आउटपुट वेगळं ठेवायचं. 'सोपं आहे', 'फक्त एवढंच करा' अशा शब्दांना तिथे मनाई आहे आणि मला ती मनापासून पटते. अडकलेल्या माणसाला 'हे सोपं आहे' म्हणणं म्हणजे त्याला आणखी एकटं पाडणं.

शीर्षक बदलायचं मनात असेल तर जरा थांबा. ह्यूगो शीर्षकावरूनच त्या भागाचा दुवा बनवतं. शीर्षकातला एक शब्द बदलला की संकेतस्थळावरच्या इतर पानांतून त्या भागाकडे येणारे दुवे वाचकाला पानाच्या माथ्यावर आणून सोडतात. आधी सगळ्या रेपोत तो दुवा शोधा. जुना दुवा टिकवायचा तर शीर्षकासोबत तो स्पष्ट लिहून ठेवता येतो. आणि पानाचं नावच बदललं तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी ओळ रीडायरेक्टच्या फाईलमध्ये घालावी लागते.

साधनांचं फारसं ओझं घेऊ नका. एखाद्या शब्दाची दुरुस्ती असेल तर पानावरच्या 'हे पान संपादित करा' या दुव्यावरून ब्राउझरमध्येच काम होतं, फोर्कही (रेपोची तुमची स्वतःची प्रत) गिटहबच करून देतं. मोठा बदल असेल तर रेपो क्लोन करा (आपल्या मशीनवर उतरवा), सबमॉड्यूल (त्यात जोडलेले दुसरे रेपो) घ्यायला विसरू नका, आणि रीडमीमध्ये दिल्याप्रमाणे कंटेनरमधून साइट चालवा. स्वतःच्या मशीनवर ह्यूगो बसवणार असाल तर विस्तारित आवृत्ती लागते आणि तिचा क्रमांक नेटलिफायच्या (साइट तयार करून दाखवणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिग फाईलमध्ये दिलेला असतो, तोच घ्या. नाहीतर पीआर उघडल्यावर नेटलिफाय पूर्वदर्शन तयार करून देतंच. ते मोबाइलवरही उघडून पाहा. रुंद तक्ते तिथेच मोडतात.

इश्यूवर (कोणी नोंदवलेल्या अडचणीवर) काम करणार असाल तर त्याला ट्रायेज (पहिली छाननी) झाल्याचं लेबल लागलंय का आणि दुसऱ्या कोणी तो घेतलाय का हे पाहून, तो आपल्या नावावर घेण्यासाठी, 'स्लॅश असाइन' लिहा. एका पीआरमध्ये एकच भाषा. इंग्रजी आणि हिंदी पान एकत्र बदलू नका, दोन्हीकडची मंजुरी देणारी माणसं वेगळी आहेत.

त्यानंतर वाट पाहायची तयारी. पीआर आत जायला दोन शिक्के लागतात: मजकूर नीट आहे असं सांगणारा 'एलजीटीएम' आणि मंजुरीचा 'अप्रूव्ह'. एसआयजी डॉक्स या डॉक्स सांभाळणाऱ्या गटातले मंजुरीदार आठवड्याच्या पाळीने आलेले पीआर बघतात. अनेकजण आपली नोकरी सांभाळून हे करतात. आठवडाभर काही हालचाल नसेल तर स्लॅकच्या डॉक्स चॅनलवर दुवा देऊन नम्रपणे विचारा. सकाळ-संध्याकाळ आठवण करू नका. सूचना आल्या तर प्रत्येकीला उत्तर द्या, पटली नाही तर कारण लिहा. मेन पुढे गेलं असेल तर मर्ज कमिट न करता रिबेस करा (आपला बदल नव्या मेनवर पुन्हा बसवा) आणि शेवटी सगळ्या कमिट एकत्र दाबून एक करा. तुम्हीच गप्प राहिलात तर नव्वद दिवसांनी बॉट पीआरला शिळा ठरवतो आणि आणखी तीस-तीस दिवसांच्या दोन टप्प्यांनी बंद करतो.

मराठीत भाषांतर सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी एक ओळ जादा: एकटे जाऊ नका. नवी भाषा सुरू करायला किमान दोघे लागतात, कारण स्वतःचा पीआर स्वतः मंजूर करता येत नाही. मराठीचा संकेत 'एमआर', त्याच नावाचा फोल्डर. पॉडला पॉडच म्हणायचं की काही दुसरं, नोडचं अनेकवचन काय, याची शब्दसूची पहिल्या पानाआधी दोघांनी बसून ठरवा. हिंदी आणि बंगालीची मंडळी या वाटेने आधी गेली आहेत, त्यांना विचारा. कुबरनेटीज हा मूळ ग्रीक शब्द सुकाणू धरणाऱ्याचा; कोकणात त्याला तांडेल म्हणता येईल, पण उत्पादनाचं नाव भाषांतरित करायचं नाही, हेही त्या सूचीतच लिहून ठेवा.

पीआर मर्ज झाला की थोड्या वेळाने चालू पान नव्या खिडकीत उघडा, बदललेली कमांड तिथून कॉपी करा आणि क्लस्टरवर एकदा चालवा. मग ब्रांच पुसा.