कपाटातले बूट, लपवलेली डोकेदुखी: हिमालयातल्या उंच ट्रेकला जाताना या चुका टाळा

मार्च लागला की फोन सुरू होतात. "दादा, मे महिन्यात रूपिन पासला जातोय, काय काय घेऊ?" जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, सगळीकडची पोरं-पोरी असतात. मी आधी एकच विचारतो, बूट कधीचे आहेत? "आहेत ना, एकदम चांगले. दोन-तीनदाच घातलेत." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

काही वर्षांपूर्वी रूपिनलाच, म्हणजे उत्तराखंडातून हिमाचलात उतरणाऱ्या त्या उंच खिंडीच्या ट्रेकला, आमच्यातल्या एकानं असे "चांगले" बूट आणले होते. पाच वर्षांपूर्वी बरेच पैसे मोजून घेतलेले, एका पावसाळ्यात सह्याद्रीत वापरलेले, मग पुसून, खोक्यात घालून लोखंडी कपाटात ठेवलेले. वरून नवेकोरे दिसत होते. ट्रेक जिथून सुरू होतो त्या धौल्याहून निघालो, पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सेवा गाव मागे टाकल्यावर तो रेंगाळू लागला. वळून बघतो तर उजव्या बुटाची टाच मगरीच्या जबड्यासारखी उघडलेली. तळ आणि वरचं कातडं यांच्यामधला थर बोटानं दाबला, तर तो ओल्या बिस्किटासारखा भुगा होऊन हातात आला. दुपारी डावा बूटही गेला. दोरी बांधली, चिकटपट्टी गुंडाळली, तरी दर अर्ध्या तासाला थांबावं लागत होतं. जाखा हे त्या वाटेवरचं शेवटचं गाव, पुढे बर्फ. गाइडनं तिथूनच त्याला परत पाठवलं. पोरगं वर्षभर पैसे साठवून आलं होतं. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

अनेक ट्रेकिंग बुटांचा तो मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो आतून हळूहळू सडतो आणि उकाड्यात हे आणखी लवकर होतं. आपल्याकडचा उन्हाळा आणि लोखंडी कपाट, म्हणजे बुटाला भट्टीच. मोच्याकडून चिकटवून घेण्यात अर्थ नाही, कारण ज्याला चिकटवायचं तो थरच उरलेला नसतो. बूट पाच-सहा वर्षांचे असतील तर कितीही चमकत असले तरी मी नेऊ देत नाही.

नवे बूट निदान दोन महिने आधी घ्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगलेले असतात. मोजे ट्रेकचेच घालून बघा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. मी नव्या बुटांनी धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला निदान तीनदा चढतो आणि मुद्दाम भरभर उतरतो. उतारावर अंगठा पुढे आदळत असेल तर ते बूट माझे नाहीत. निघायच्या आधी पायाची नखं कापा. पाण्याच्या बाटलीला डक्ट टेपचे दहा-बारा वेढे मारून ठेवा.

आता दुसरी चूक, आणि ही जिवावर बेतणारी. जिम करणाऱ्या, जळगावात मेहरूणच्या तलावाला रोज चकरा मारणाऱ्या पोरांना वाटतं की दम चांगला आहे, आपल्याला काही होणार नाही. तयारी करायलाच हवी. पाच किलोमीटर पळत पस्तीस मिनिटांत न थांबता होत नसतील तर मी स्वतः माझं जाणं पुढे ढकलतो. पण दम वेगळा आणि उंची वेगळी. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर. अख्ख्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण २,५०० मीटरच्या वर. म्हणजे त्याची तालीम इथं कुठल्याच डोंगरावर होत नाही, ती वर जाऊन, वेळ देऊनच होते. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. रजा वाचवायला हाच थांबायचा दिवस कापणारे गट मी बघतो, तेव्हा मला खरोखर राग येतो.

रूपिनच्याच एका ट्रेकला आमच्यातला पंचविशीचा, सगळ्यात पुढे चालणारा मुलगा धबधब्याखालच्या मुक्कामी, सुमारे ३,५०० मीटरवर, पाच वाजताच टोपी ओढून झोपला. "जेवलास का?" "भूक नाही भो, बाकी काही नाही." रात्री दोनदा उलटी. सकाळी त्याला टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत चालायला लावलं. चौथ्या पावलाला तो तोल जाऊन माझ्या अंगावर आला. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज आल्याची खूण. गाइडनं ऑक्सिजन लावला आणि थांबून वाट न बघता दोघांनी धरून त्याला खाली नेलं. संध्याकाळी जाख्यात त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. तेव्हा बोलला, डोकं आदल्या दिवसापासूनच दुखत होतं. गोळी घेऊन गप्प राहिला होता. "तुम्ही खाली पाठवाल म्हणून."

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, भूक जाणं, यातलं काहीही झालं तरी त्याच क्षणी सांगा. बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. वेळेवर सांगणाऱ्याला बहुतेक वेळा एक दिवस थांबून पुढे जाता येतं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आणि कापराची पोटली! ती हुंगून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. गळ्यात हवी तर घाला, पण तिच्या भरवशावर एक पाऊलही वर टाकू नका.

गरम कपडे डिसेंबर-जानेवारीत घेऊन ठेवा. मे महिन्यात पारा ४५ला असताना इथल्या बाजारात थर्मल आणि हातमोजे शोधत फिरणारे दरवर्षी भेटतात आणि शेवटी मिळेल ते घेतात. अंगालगत सुती बनियन नको. घाम वाळत नाही आणि थांबलं की अंग गार पडतं. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ तीन थर बरे.

सॅकच्या वरच्या कव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीकडून शिरतं. मी आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून मगच सामान भरतो. बर्फावर गॉगल क्षणभरही काढायचा नाही, ढग असले तरी. फोन आणि पॉवरबँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते.

खाऊ स्वतःच्या आवडीचा न्या. वर भूक मरते आणि महागडे प्रोटीन बार तसेच परत येतात. मी लसणाची चटणी आणि गूळ-शेंगदाणे नेतो. डाळ-भात घशाखाली उतरेना तेव्हा चिमूटभर चटणीनं दोन घास जास्त जातात.

भुसावळहून दिल्लीची गाडी धरताना सोबत ओआरएसची पाकिटं असू द्या. मे महिन्यात स्लीपरच्या डब्यात दिवसभर भाजून, पाणी न पिता उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो आणि ते उन्हानं दुखतंय की उंचीनं, हे कुणालाच कळत नाही. म्हणून मी धौल्याला एक दिवस आधी पोचतो, त्या दिवशी फक्त पाणी पितो आणि झोपतो.