जुन्या लष्करी गाडीचं ग्रीसिंग आणि ब्रिटिश हत्यारं: या चुका टाळा

पान्ह्यावर ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण, म्हणजे ब्रॉड अ‍ॅरोचा शिक्का आणि युद्धकाळातलं साल दिसलं, म्हणून तो विलीज जीपला चालेलच असं नाही. जीप अमेरिकन. तिचे नट एएफ मापाचे, म्हणजे पान्ह्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर सांगतो. ब्रिटिश व्हिटवर्थ पान्ह्यावरचा आकडा मात्र बोल्टच्या जाडीचा असतो. ‘1/4 डब्ल्यू, 5/16 बीएस’ असं कोरलेल्या पान्ह्याचं तोंड 0.525 इंच, म्हणजे 13.3 मिमी. जीपवरच्या 5/16 बोल्टचा नट 1/2 एएफ, म्हणजे 12.7 मिमी. पान्हा मजेत बसतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. याच मापाच्या बीएसएफ (बारीक आट्यांच्या ब्रिटिश) नटावर 14 चा मेट्रिक पान्हा लावला तरी तेच. 13 चा तर चढतच नाही.

लँड रोव्हर सीरिज टू आणि टू-ए मध्ये अजून गोंधळ: बीएसएफ आणि यूएनएफ (एएफ मापाच्या नटांचे बारीक आटे) एकाच गाडीत, शिवाय विजेच्या जोडण्यांत बीए, म्हणजे छोट्या ब्रिटिश स्क्रूंचं माप. तिथे आधी पान्हा हातानेच हलवून बघा. जरा जरी ढिला वाटला तर दुसरा घ्या.

निपल (ज्यातून गनने ग्रीस भरतात ते छोटं तोंड) बदलताना हीच चूक जास्त महागात पडते. 1/4 बीएसएफला इंचाला 26 आटे, यूएनएफला 28. दोन फेरे सहज जातात, मग अडतं, आणि पान्ह्याने रेटलं की भोकातले आटे गेले. बाजारात सर्रास मिळणारा 6 मिमीचा निपल या भोकात ढिला राहतो. टेफलॉन टेप गुंडाळून बसवला तर गनच्या दाबाने बाहेर उडतो. 1/8 बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे) आणि 1/8 एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे) दिसायला जुळे, पण एकाला 28 आटे, दुसऱ्याला 27. आटे मोजायचा गेज जवळ नसेल तर जुना निपल दुकानात घेऊन जा.

टेकलेमिट कंपनीच्या जुन्या, दाबून चालवायच्या ग्रीस गनला (पुश गनला) निपल पकडणारे जबडे नसतात. ती निपलवर सरळ रेषेत दाबावी लागते. तिरपी धरली की ग्रीस बाजूने बाहेर येतं आणि आत काहीच जात नाही. गन नुसतीच दाबली जात असेल आणि ग्रीस येत नसेल, तर बहुतेक वेळा नळकांड्यात हवा अडकलेली असते. डोकं अर्धा फेरा सैल करून दांडा दाबा, हवा गेली की आवळा. तरीही नाही आलं तर आतला चामड्याचा वॉशर सुकलाय. तो रात्रभर पातळ तेलात भिजत ठेवा.

निपलच ग्रीस घेत नसेल तर दाब वाढवू नका. निपल काढा आणि हातात धरून त्यातून गन चालवा. ग्रीस निघालं तर निपल ठीक आहे, वाट पुढे तुंबली आहे. भोकात थोडं डिझेल सोडून ठेवा, मऊ तारेने खरवडा, मग पुन्हा प्रयत्न करा. जीपच्या पाट्यांच्या शॅकलवर (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीवर) चासीचा भार असतो; जॅकवर चासी उचलून भार काढला की अडलेलं ग्रीस पुष्कळदा आपोआप सरकतं. (शॅकल खोलायचीच वेळ आली तर आधी आटे बघा, काहींवर ते उलटे असतात.) लँड रोव्हरच्या पाट्यांना रबरी बुश असतात. तिथे ग्रीस लावायचंच नाही, रबर फुगतं.

लँड रोव्हरच्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) सरकत्या जोडाला निपलऐवजी प्लग असतो. शाफ्टचं एक टोक सोडा, प्लग काढून निपल लावा, जोड पूर्ण आत दाबा आणि मगच ग्रीस भरा. लांब असताना ठासून भरलं तर पाटे दबतात तेव्हा शाफ्ट आखूड होऊ शकत नाही, आणि तो धक्का गिअरबॉक्स व डिफरन्शियलच्या बेअरिंगवर येतो. ग्रीस भरून झाल्यावर प्लग परत लावायचा.

लँड रोव्हरच्या पुढच्या चाकांच्या स्विव्हलमधून (चाक वळवणाऱ्या गोळ्याच्या जोडातून) तेल गळतं म्हणून त्यात चासी ग्रीस कोंबणारे बरेच. त्या हाउसिंगमध्ये प्रत्येकी सुमारे अर्धा लिटर ईपी 90 गिअर तेल हवं. घट्ट ग्रीस गोळ्याबरोबर फिरत नाही, बाजूला ढकललं जातं, आणि वरची पिन कोरडी पडते. गळतीचं कारण बहुतेक वेळा गंजून खड्डे पडलेला गोळा. त्यावर नवं सील फार दिवस टिकत नाही. गोळा बदलेपर्यंत स्विव्हलसाठीच बनलेलं अर्धद्रव ग्रीस चालतं. बाकी तेलाची मापं: डिफरन्शियलला प्रत्येकी 1.75 लिटर, मुख्य गिअरबॉक्सला 1.5, ट्रान्सफर बॉक्सला 2.5. मुख्य गिअरबॉक्सला जीएल-4 दर्जाचंच तेल घ्या. जीएल-5 मधली काही रसायनं पितळी आणि ब्राँझ भागांना खातात.

हबच्या बेअरिंगमध्ये लिथियमचं 2 नंबर ग्रीस रोलरच्या मधे बोटाने दाबून भरा, पण हबची पोकळी गच्च भरू नका. गरम झाल्यावर जास्तीचं ग्रीस सीलमधून निघून ब्रेक लायनरवर जातं, आणि तेल प्यालेलं लायनर धुऊन उपयोग नाही, बदलावंच लागतं. ब्रेक सिलिंडरच्या रबराजवळ हे ग्रीस अजिबात नको. तिथे फक्त लाल रबर ग्रीस.