स्टीलच्या मोल्डला डायमंड टूल लावायच्या आधी एवढं बघा
कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावात कास्टिंगचं मशीनिंग करणारी बरीच पोरं आता लेन्सचे मोल्ड (साचे), डायमंड टर्निंग (हिऱ्याच्या टूलनं लेथवर कापणं) असलं विचारायला लागलीत, लई भारी वाटतं, पण एक गोष्ट पक्की करा, डायमंड टूल थेट स्टीलला लावायचं नाही. हिरा म्हणजे कार्बन, आणि कटिंगच्या उष्णतेत लोखंड तो कार्बन ओढून घेतं, मग धार बघता बघता जाते आणि ते टूल काय स्वस्त नसतंय. म्हणून स्टील नेहमीसारखं मशीन करून वर इलेक्ट्रोलेस निकेलचा (करंट न लावता केमिकलच्या बाथमध्ये बसवलेला निकेल-फॉस्फरसचा) थर चढवतात आणि आरशासारखं फिनिश किंवा मायक्रो पॅटर्न जे काय असेल ते त्या थरातच कापतात. प्लेटिंगवाल्याला स्पष्ट सांगा, हाय फॉस्फरस पाहिजे, १० टक्क्यांच्या वर, आणि हार्डनेस वाढवायला म्हणून ४०० डिग्रीला बेक करू देऊ नका, थर क्रिस्टलाइन होतो (आत कडक स्फटिक तयार होतात) आणि टूल खातो.

दुसरं टेंपरेचर. स्टील एका डिग्रीला मीटरमागं ११-१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढतं, म्हणजे १०० मिमीचा जॉब एका डिग्रीत मायक्रॉनभर सरकला, आणि लेन्सच्या कामात चूक उजेडाच्या वेव्हलेंग्थच्या (लहरीच्या लांबीच्या) हिशोबात बघतात, हिरव्या उजेडाची तर ती अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच! त्यामुळं मे महिन्यात उद्यमनगरातनं उन्हातून आणलेला जॉब लगेच चढवायचा नाही, एसी रूममध्ये फिक्स्चरसकट (जॉब धरणाऱ्या पकडीसकट) रात्रभर राहू दे, सकाळी ग्लोव्हज घालूनच धरा, आणि फायनल पास (शेवटचा कट) चालू असताना रूमचं दार कुणालाच उघडू देऊ नका, मालकाला पण नाही.